कोपर टेबलावर

तालिवाल्दिस स्कुद्राला, म्हणजे आमच्या तालिसला, मी बारा वर्षांची असताना दोनदा पाडलंय, तेही सगळ्या वर्गासमोर. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे त्याचं कौतुक करावं लागणार आहे, आणि कौतुक सुरू झालं की खरं सांगायचं राहून जातं. पंजा लढवायला त्याने पहिल्यांदा कोपर टेकलं ते आमच्या वेयकाल्नच्या शाळेतल्या बाकावर, आणि समोर मी होते. मी रोज पहाटे दोन गाईंची धार काढून शाळेत यायचे. तो यायचा थेट अंथरुणातून उठून. मग काय होणार?

आमच्या भाषेत स्कुद्रा म्हणजे मुंगी. आडनाव मुंगी आणि देह असा की दारातून आत आला की खोलीत अंधार व्हायचा. मास्तर हजेरी घेताना "स्कुद्रा" म्हणाले की अख्खा वर्ग जमिनीवर शोधाशोध करायचा. तो हसायचा. चिडलेलं मी त्याला फार कमी वेळा पाहिलंय, आणि जेव्हा पाहिलं तेव्हा कुणाची ना कुणाची धडगत नव्हती.

तो एकोणीस वर्षांचा असताना बर्फ वितळायच्या दिवसांत आमच्या सामूहिक शेतीचा दुधाचा टँकर चिखलात रुतला. ट्रॅक्टर यायला दोन तास होते. तालिसने कोट काढून कुंपणावर टाकला, पाठ टेकवली आणि टँकर ढकलून रस्त्यावर आणला. टँकरच्या मागे एक गाडी अडकून पडली होती. तिच्यातला माणूस सिगुल्दाचा निघाला. तिथे नुकताच बॉबस्लेडचा, म्हणजे बर्फावरून घसरत जाणाऱ्या गाड्यांच्या शर्यतीचा, मार्ग बांधून झाला होता आणि त्या माणसाला ढकलणारे हवे होते. त्याने काच खाली करून एवढंच विचारलं, "पळता येतं का रे?"

"दूध नासायच्या आत पोचण्याइतकं येतं," तालिस म्हणाला.

अशी त्याची कारकीर्द सुरू झाली. गाडीत माणसं चार. पुढे चालक, मधे दोघे, सगळ्यात मागे ब्रेकवाला. तालिस तेरा वर्षं ब्रेकवाला होता. ब्रेकवाल्याने गाडी ढकलायची, सगळ्यांच्या शेवटी उडी मारायची, डोकं गुडघ्यांत घालायचं आणि शर्यत संपली की दांडा ओढून गाडी थांबवायची. मधल्या मिनिटभरात काय होतं ते त्याला दिसत नाही. मी एकदा विचारलं होतं, "एवढे देश फिरलास, काय पाहिलंस?"

"पुढच्याची पाठ," तो म्हणाला. "वेगवेगळ्या देशांत."

पण वळणं त्याला अंगाने कळायची. सिगुल्दाची सोळाच्या सोळा वळणं तो मी रांधते त्या शाळेच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून, डोळे मिटून, नुसता कलून दाखवायचा. कांदे चिरायचं सोडून आम्ही बायका बघत बसायचो.

एका शर्यतीत त्याने न करायची गोष्ट केली. बर्फाच्या मार्गावर मधेच ब्रेक ओढायचा नसतो. दांड्याचे दात बर्फ फाडतात, मार्ग नासतो, संघ बाद होतो. त्या दिवशी बाराव्या वळणाला गाडी उशिरा वळली. केसभर उशिरा, पण तालिसच्या अंगाला ते कळलं. पुढे चालक एगिल्स गाडी हाकत नाहीये, हे त्याने डोकं खाली असतानाच ओळखलं आणि दोन्ही हातांनी दांडा ओढला. गाडी भिंतीवर आपटली, उलटली नाही. एगिल्सला ताप होता. तो त्याने सगळ्यांपासून लपवला होता आणि नेमकी तिथेच त्याची शुद्ध हरपली होती. तो वाचला. तालिसचा उजवा खांदा मात्र फाटला. संघ बाद झाला, युरोपचा दौरा गेला, आणि प्रशिक्षकाने दवाखान्यात येऊन काय म्हणावं? "ब्रेकवाल्याने विचार करायचा नसतो. मागच्याने फक्त ढकलायचं."

एगिल्सनेही पुढे कित्येक वर्षं, मी नुसती पापणी मिटली होती, असंच सांगितलं. मला त्याचा अजून राग आहे. तालिसला नाही. त्याच्या वाटचा रागही मीच धरून ठेवलाय.

तेव्हापासून तालिसचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. केस विंचरायला तो डोकं खाली आणतो. पण पंजा लढवायला हात वर न्यावा लागत नाही. कोपर टेबलावर टेकायचं आणि समोरच्याला पाडायचं. त्याने स्वतः ओकचं टेबल बनवलं, त्यावर कातडी गादी ठोकली आणि जत्राजत्रांतून ते मांडलं. तीन वर्षांत तो देशात पहिला आला, पुढे दोनदा युरोपातून पदकं आणली. तिसऱ्या पदकाच्या वेळी हरला आणि घरी येऊन आमच्याकडे पाच वाट्या सूप प्यायला.

लोकांना पदकांचं कौतुक नव्हतंच मुळी. कौतुक होतं त्या टेबलाचं. यानिच्या सणाला, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यात लहान रात्री, शेकोट्या पेटल्या की लोक एका हातात चीज आणि दुसऱ्या हातात बिअर घेऊन रांगेत उभे राहायचे. तालिस कुणालाच नाही म्हणायचा नाही. म्हाताऱ्यांशी लढताना घाम पुसत राहायचा आणि शेवटी थोडक्यात जिंकायचा. मुद्दाम हरून त्याने कुणाचा अपमान केला नाही. आणि कोपर मात्र कधी उचललं नाही. पंजात कोपर उचललं की फाउल. वीस वर्षांत त्याच्या नावावर एकही फाउल नव्हता, आणि याचा त्याला पदकांपेक्षा जास्त अभिमान होता. त्याच्या नामदिनाला, म्हणजे कॅलेंडरात त्याचं नाव असतं त्या दिवशी, तर बोलावण्याची पद्धतच नाही. ज्याला आठवेल त्याने यावं. पण आठवत नाही असा एकही माणूस पंचक्रोशीत नव्हता. एका वर्षी मी एकटीने चौदा केक कापले. या जिल्ह्यातल्या अर्ध्या लोकांचा हात कधी ना कधी त्याच्या हातात होता, असं म्हटलं तर ते खोटं नाही.

राजकारण्याला असा हात दिसल्यावर तो गप्प बसेल का? आमच्या परिषदेचे अध्यक्ष अर्विल्स ब्रांते. इस्त्री केलेला माणूस. निवडणूक आली तशी त्यांनी आपला उजवा हात ग्वीदो याला तालिसकडे पाठवलं. यादीत पंधरा नावं असतात. तालिसला पंधरावं, म्हणजे शेवटचं नाव देऊ केलं. फलकांवर मात्र त्याचा दंड, आणि त्या दंडाखाली बारीक अक्षरात बाकीचे चौदा.

"निवडून यायची काळजी नको," ग्वीदो म्हणाला. "तुम्ही फक्त मागून ढकला."

तालिस हसला. हे वाक्य त्याच्या ओळखीचं होतं. ग्वीदोने एका कागदावर सहीही घेतली: परिषदेत मी यादीबरोबर हात वर करीन. तालिसने सही केली. "शब्द देतो," वर असंही म्हणाला. मी तेव्हाच म्हटलं होतं, मुंगीला पंख फुटले. त्याने ते हसण्यावारी नेलं.

आमच्याकडे मत द्यायची रीत अशी की एक यादी पाकिटात घालायची, आणि वाटलं तर आवडत्या नावापुढे अधिकचं चिन्ह करायचं, नावडतं नाव खोडायचं. तालिसपुढे अधिक चिन्हांचा पाऊस पडला, ते अपेक्षितच होतं. पण घोटाळा केला तो आमच्या आउस्त्राआजींच्या पिढीने. जुन्या राजवटीच्या शेवटी शेवटी रिवाज होता की नको ती सगळी नावं खोडायची आणि हवं ते एक ठेवायचं. म्हाताऱ्यांच्या हातात तेच बसलेलं. आउस्त्राआजी मतदान करून थेट माझ्याकडे आल्या. बोटं शाईने निळी.

"दमले गं बाई," म्हणाल्या. "चौदा जण खोडले. पण आपला तालिस ठेवला."

"आजी, एक अधिक केलं असतं तरी चाललं असतं!"

"अधिक कशाला? तो आहेच की तेवढा मोठा."

अशा शेकडो आज्या निघाल्या. शेवटचा तालिस पहिला आला आणि पहिले ब्रांते सहावे. परिषदेच्या पंधरापैकी आठ जागा यादीला मिळाल्या, म्हणून अध्यक्ष तेच राहिले. पण निकालाच्या दिवशी त्यांच्या चेहऱ्याची इस्त्री मोडली होती, ती मी डोळ्यांनी पाहिली.

दीड वर्ष परिषदेत तालिस शेवटच्या खुर्चीवर बसला. दिवे, गटारं, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकायचं मीठ. मतदान हात वर करून व्हायचं. त्याचा हात खांद्याच्या वर जात नाही म्हणून तो आपला कोपर टेबलावर टेकून पंजा उभा धरायचा. टिपणं लिहिणारी सर्मिते तेवढ्यावर त्याचं मत लिहायची. कुणाला त्यात काही वाटलं नाही.

मग आमची शाळा बंद करायचा ठराव आला.

त्रेचाळीस मुलं. कागदावर आकडा लहान दिसतो, हे मलाही कळतं. पण त्रेचाळीस ताटं मी रोज वाढते आणि कोणाला बीट चालत नाही, कोण घरी उपाशी असतो, हे मला तोंडपाठ आहे. शाळा बंद झाली असती तर सहा वर्षांच्या पोरांना पहाटे साडेसहाची बस, अठ्ठावीस किलोमीटर. शेजारच्या गावाचं आम्ही पाहिलं होतं. आधी शाळा गेली, मग दुकान, मग बस, मग माणसं. आता तिथल्या शाळेच्या धुराड्यावर करकोच्यांचं घरटं आहे आणि पाहुणे त्याचे फोटो काढतात. माझी नोकरीही जाणार होती, ते मी लपवत नाही. सत्तावन्नाव्या वर्षी मला दुसरीकडे कोण भाकरी भाजायला ठेवणार होतं?

हिशेब साधा होता. ब्रांतेंना आठ हात हवे होते. आठवा तालिसचा.

मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी तो माझ्या स्वयंपाकघरात आला. मी बेकन घातलेले करडे वाटाणे पुढे ठेवले. त्याने चमचा उचलला नाही. तेव्हाच मी ओळखलं.

"ग्वीदो येऊन गेला," तो म्हणाला. "नवं क्रीडागृह बांधणारेत. माझं नाव देणार म्हणे."

"वा! आणि त्यात खेळणार कोण? करकोचे?"

"वेल्ता, मी शब्द दिलाय. सही आहे माझी."

"कशावर सही आहे?"

"यादीबरोबर हात वर करीन म्हणून. वीस वर्षांत मी एक फाउल केला नाही. तुला माहितीये."

माझं डोकं फिरलं. डाव मी कढईत आपटला. "मग मर तसाच स्वच्छ! तुझ्या थडग्यावर आम्ही लिहू, इथे एक सज्जन झोपलाय आणि त्याच्या शेजारी त्याची शाळा झोपलीये. फुलं कोण आणणार रे तुझ्या थडग्यावर? गावात माणूस तर उरायला हवा!"

 त्याने चमचा उचलून वाटाणे ढवळले. मग म्हणाला, "ब्रेकवाल्याने विचार करायचा नसतो."

"केला होतास की एकदा. एगिल्स अजून जिवंत आहे, खोटं बोलत हिंडतोय."

त्याने वाटाणे संपवले, वाटी स्वतः विसळून ठेवली आणि गेला. काय करणार ते सांगितलं नाही. मला रात्रभर वाटत राहिलं की मी फार बोलले. सकाळी वाटलं, कमीच बोलले.

दुसऱ्या दिवशी आम्ही बस भरून परिषदेला गेलो. शिक्षक, आईबाप, आउस्त्राआजी, आणि मी ॲप्रनसकट. मागच्या भिंतीला टेकून उभे राहिलो. ब्रांतेंनी वीस मिनिटं आकडे वाचले. "भावना आम्हालाही आहेत," असंही म्हणाले. ज्याला हे सांगावं लागतं त्याला त्या नसतात, असा माझा अनुभव आहे.

"बाजूने कोण?"

पुढच्या रांगेत सात हात वर झाले. शेवटच्या खुर्चीवर तालिसने कोपर टेबलावर टेकलं आणि पंजा उभा केला, नेहमीसारखा.

 माझ्या शेजारी एक आई रडायलाच लागली. आउस्त्राआजी मोठ्याने म्हणाल्या, "यालाही खोडायला हवं होतं."

"आठ," ब्रांते म्हणाले. "मंजूर. लिहा, सर्मिते."

"थांब, सर्मिते," तालिस म्हणाला. "सात लिही."

"तुमचा हात वर आहे, स्कुद्रा."

"नाही. माझं कोपर टेबलावर आहे. हात वर म्हणजे कोपर हवेत. हा पंजा आहे."

"पंजा कशासाठी?"

"तुमच्यासाठी. या की. पाडा मला, आणि खुशाल शाळा बंद करा."

सभागृहात हशा उसळला. ब्रांतेंचे कान लाल झाले. "हा पोरखेळ बंद करा! दीड वर्षं तुम्ही असंच मत देताय!"

"दीड वर्षं तुम्ही चुकीचं मोजताय," तालिस शांतपणे म्हणाला. "दिव्यांचे आणि मिठाचे ठराव होते, मी बोललो नाही."

सर्मितेने पेन खाली ठेवलं. तिच्या तोंडावरून दिसत होतं की ती दीड वर्षाची टिपणं मनात उलटतेय. ग्वीदो खुर्चीवरून उठून तालिसपाशी गेला आणि त्याच्या कानाशी, पण आम्हाला ऐकू जाईल इतक्या रागात म्हणाला, "तुमची सही आहे माझ्याकडे. शब्दाला जागा जरा."

तालिस आमच्याकडे वळला नाही. सर्मितेकडे बघून म्हणाला, "आता विरोधात कोण ते विचार."

नियमाने विचारावंच लागतं. ब्रांतेंनी दात आवळून विचारलं. समोरच्या पक्षाचे सात हात वर झाले. मग तालिसने कोपर टेबलावरून उचललं.

त्याचा हात खांद्यापर्यंत आला आणि अडला, जसा गेली इतकी वर्षं अडत आला होता. सभागृहातल्या लोकांना वाटलं असेल, झालं. मला माहीत होतं की इथून पुढे त्याचा हात जात नाही. त्याने डोकं खाली घातलं, गाडीत बसल्यासारखं, आणि हात वर रेटला. काहीतरी कट्कन वाजलं. पहिल्या रांगेपर्यंत ऐकू गेलं असेल. चेहरा पांढराफटक पडला होता, पण हात सरळ छताकडे होता, बोटं ताणलेली.

"वीस वर्षांत पहिला फाउल करतोय," तो म्हणाला.  "शब्द मोडला, हे खरं आहे. लपवत नाही. लिही, सर्मिते. कोपर वर आहे ना? नीट बघ."

"वर आहे," सर्मिते म्हणाली. तिने आठ लिहिलं, आणि मग पुढे आपल्या मनाने आणखी तीन शब्द घातले. त्या टिपणाची नक्कल आज माझ्या चुलीवरच्या भिंतीला लावलेली आहे: "स्कुद्रा, विरोधात. हात पूर्ण वर."

त्याचा हात खाली आम्ही आणला. दोघांनी धरून. त्याला स्वतःला तो आणता येईना.

ब्रांतेंनी त्याला आठवड्याभरात यादीतून काढलं. जुन्या क्रीडागृहात तो मुलांना शिकवायचा, ती नोकरीही गेली. करार संपला होता म्हणे. तो दर वर्षी संपायचा आणि दर वर्षी पुढे चालायचा. वर्तमानपत्रात कुणीतरी लिहिलं की पहिलवानांना लोकशाही कळत नाही. पंजाच्या संघटनेने कार्यक्रमाला बोलावणं थांबवलं. तालिस गळ्यात बांधलेल्या झोळीत हात अडकवून रोज दुपारी माझ्याकडे जेवायला येऊ लागला. एका हाताने बटाटे सोलायचा प्रयत्न करायचा. मी त्याच्या हातून सुरी काढून घ्यायचे.

तीन आठवड्यांनी ऐन जेवणाच्या वेळी ग्वीदो शाळेत आला. टोपी काढून टेबलावर ठेवली. मी त्यालाही सूप वाढलं. शत्रू असला तरी माझ्या स्वयंपाकघरात आलेला माणूस आहे.

"अध्यक्ष मोठ्या मनाचे आहेत," तो म्हणाला. खिशातून कागद काढला. "तुम्ही वेदनेत होतात, गोंधळलात, एवढंच लिहिलंय. सही करा. नोकरी परत, यादीत जागा परत. शाळेचा विषय पुढच्या वर्षी पुन्हा घेऊ, तेव्हा काय ते नीट करा."

तालिसने कागद वाचला. सावकाश वाचला, दोनदा. मग ताट बाजूला सरकवलं, बाही वर केली आणि डावं कोपर टेबलावर टेकलं. पंजा उभा.

"उजवा आजारी आहे," तो म्हणाला. "डावा चालेल? पाडलंस तर सही करतो."

त्रेचाळीस चमचे थांबले.  मग कोपऱ्यातून कोणीतरी बारीक आवाजात मोजायला सुरुवात केली, "तीन... दोन..." आणि सगळ्यांनी तो आकडा उचलला.

ग्वीदोने त्या पंजाकडे पाहिलं. मुलांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं, पण मी त्याला काय मदत करणार? कागद घडी करून खिशात घातला, टोपी उचलली आणि गेला. दार लावायचंही विसरला.

त्याच्या पुढ्यातलं सूप तसंच होतं. आमच्या शाळेत अन्न टाकत नाहीत. तालिसने ती वाटी ओढून घेतली आणि डाव्या हाताने, सांडत सांडत, शेवटच्या थेंबापर्यंत संपवली.